सेसना १७२ च्या घरगुती कॉकपिटला कमीजास्त होणारे एलईडी : काय घ्यावं?

रात्र_उड्डाण
नमस्कार मंडळी. संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी सेसना १७२ या छोट्या विमानाचं प्लायवूडचं कॉकपिट जवळजवळ तयार आहे. पॅनल ९ मिमी प्लाय, १००० बाय ४२० मिमी. मागे मॉनिटर आणि पुढे सहा घड्याळांच्या कड्या. स्विचांची नावं ३ मिमी दुधी अ‍ॅक्रिलिकवर काळा रंग मारून लेझरने कोरून घेतली आहेत.

आता तीन स्वतंत्र नॉबवर प्रकाश हवा आहे. एक नावांच्या पट्ट्यांमागे, एक पॅनलवर वरून पडणारा, आणि एक मांडीवरच्या नकाशासाठी. एलईडीची पट्टी एकूण २.४ मीटर लागेल. राउटरचा १२ व्होल्ट २ अँपियरचा अडॅप्टर पडून आहे. डोक्याची हालचाल टिपायला साधा वेबकॅम वापरतो, त्यामुळे फ्लिकर चालणार नाही. बजेट १५०० रुपये, त्याच्या वर नाही. काय घ्यावं?

पेठेतला_सोल्डर
तयार पीडब्ल्यूएम डिमर (वीज झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) घ्या. १२ व्होल्ट ८ अँपियर, नॉबसकट येतो. बुधवार पेठेत मला १५० ला पडला. तीन घेतले की काम झालं. पट्टी वॉर्म व्हाइट ३००० केल्विनचीच घ्या. कूल व्हाइट लावली तर कॉकपिट औषधाच्या दुकानासारखं दिसतं.

घारीची_नजर
साध्या पट्टीत पैसे घालू नका. डब्ल्यूएस२८१२ ची पट्टी घ्या, प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठेवता येतो. माझ्या ओव्हरहेड पॅनलला २४० एलईडी आहेत, ५ व्होल्ट २० अँपियरचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आहे, एकूण सात हजारांत झालं. डेटाच्या तारेत ३३० ओहम आणि पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर विसरू नका.

अँपियर_मोजणारा
बजेट १५०० आहे हो, सात हजार नाही. शिवाय डब्ल्यूएस२८१२ अगदी मंद केली की पायऱ्या दिसतात. एका रंगाला २५६ पातळ्या असतात आणि रात्रीच्या कॉकपिटला त्यातल्या तळाच्या दहा-पंधराच कामाच्या.

मुळात गरज केवढी ते बघू. ३५२८ (छोट्या आकाराच्या एलईडी) ची मीटरला ६० एलईडीवाली पट्टी मीटरला ४.८ वॅट घेते. २.४ मीटरला ११.५ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला एक अँपियरच्या आत. घरातला अडॅप्टर पुरतो, नवा एसएमपीएस नको. मोठ्या एलईडीची ५०५० घेतलीत तर तीच लांबी ३५ वॅट मागेल आणि अडॅप्टरला झेपणार नाही. ही पट्टी तीन-तीन एलईडींच्या गटांत असते, ५ सेंटीमीटरवर कात्रीची खूण असते, तिथेच कापा.

तांब्याची_तार
तयार डिमरमध्ये फ्लिकर असतो, आणि धागाकर्त्यांनी तोच नको म्हटलंय. अर्डुइनो नॅनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड) आणि मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरा.

मॉस्फेट मात्र बघून घ्या. बाजारात आयआरएफ५२० चं लाल मॉड्यूल सगळे हातात देतात. त्याचं गेट (चालू-बंदचा संकेत घेणारा पाय) नॅनोच्या ५ व्होल्टवर पूर्ण उघडत नाही, मॉस्फेट तापतो आणि पट्टी पूर्ण तेजाने लागत नाही. आयआरएलझेड४४एन मागा, ते लॉजिक लेव्हलचं आहे, ५ व्होल्टवर चालतं. गेटच्या रेषेत १५० ओहम आणि गेट ते ग्राउंड १० के (किलोओहम). हा १० के नसेल तर नॅनो सुरू होईपर्यंत पट्ट्या मनाला येईल तशा पेटतात.

नॅनोच्या पिन ९, १० ची मूळ वारंवारता ४९० हर्ट्झ आहे. वेबकॅममध्ये पट्टे दिसतात ते तिच्यामुळे. त्या पिनांच्या टायमर १ चा प्रीस्केलर (घड्याळाचा वेग भागणारा आकडा) ८ केला की ३९२१ हर्ट्झ मिळते, कॅमेरा शांत होतो. तिसऱ्या नॉबसाठी टायमर २ वरची पिन ३. पिन ५ आणि ६ ला हात लावू नका, त्यांचा टायमर बदलला की कोडमधल्या डिले आणि मिलिस या वेळ मोजणाऱ्या फंक्शनांचा हिशेब बिघडतो.

घारीची_नजर
प्रीस्केलर १ करा ना, ३१ किलोहर्ट्झ मिळते.

तांब्याची_तार
तिथे एक पायरी सव्वाशे नॅनोसेकंदांची होते. तेवढ्यात गेट भरतच नाही, तळाच्या पायऱ्या गायब होतात. आपल्याला त्याच हव्या आहेत.

जुना_नकाशा
नकाशावरचा दिवा लाल ठेवा. जुन्या १७२ मध्ये छतातून लाल फ्लडच यायचा. अंधाराला सरावलेली नजर लाल प्रकाशात टिकते.

अँपियर_मोजणारा
नजर टिकते, पण नकाशा वाचता येत नाही. लाल उजेडात लाल आणि किरमिजी रेघा कागदात विरतात, आणि हवाई नकाशावर किरमिजी रंग भरपूर असतो. त्यामुळेच पुढे मंद पांढऱ्याकडे कल गेला.

जुना_नकाशा
पॅनलवर तरी लाल ठेवा. विमानात होता तसा. जुन्या १७२ चा अनुभव हवा असेल तर पांढरी पट्टी लावून तो येणार नाही.

कोरीवकाम
रंगाचं नंतर ठरवा, आधी एलईडींच्या उजेडाचे डाग घालवा. एलईडी आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यातलं अंतर निदान दोन एलईडींमधल्या अंतराएवढं हवं. ६० च्या पट्टीला ते १७ मिमी येतं. तेवढी खोली नसेल तर १२० ची पट्टी घ्या, मग ९ मिमी पुरतं, पण करंट दुप्पट मोजा. पोकळी आतून मॅट पांढरी रंगवा. अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवू नका, सोल्डरच्या टोकाला लागून शॉर्ट होते.

काळा रंग एका हातात पुरत नाही. मागे दिवा लावून अंधारात बघा, पिनांएवढे ठिपके दिसतील. दोन पातळ हात आणखी द्या. पट्टीच्या कडेने गळणारा उजेड काळ्या फोमच्या टेपने बंद होतो.

आणि मॉनिटरची ब्राइटनेस उतरवा. घड्याळं मॉनिटरवर आहेत, म्हणजे ती आधीच उजळलेली आहेत. एलसीडीचा काळा पूर्ण काळा नसतो, रात्री तो राखाडी चमकतो आणि त्यापुढे तुमच्या नावांच्या पट्ट्या मेलेल्या दिसतात.

पेठेतला_सोल्डर
मी पुन्हा सांगतो, तयार डिमर घ्या. इतका कोड कशाला लिहायचा?

सातारी_कंदील
घरातला पंख्याचा रेग्युलेटर अडॅप्टरच्या आधी लावला तर? एकाच नॉबवर सगळं होईल.

अँपियर_मोजणारा
नाही, अजिबात नको. तो कापलेली एसी देतो. अडॅप्टर थोडा वेळ तग धरतो, मग गुणगुणतो, पट्टी लुकलुकते, आणि अडॅप्टर जळूही शकतो. कॉकपिट लाकडाचं आहे. २३० व्होल्ट पॅनलच्या मागे आणूच नका, अडॅप्टर भिंतीशी ठेवा आणि १२ व्होल्टच्या तारेत २ अँपियरचा फ्यूज घाला.

योक_आणि_पेडल
एक गोष्ट कुणी बोललं नाही. पट्टीची परतीची तार योकच्या (विमानाच्या हँडलच्या) पोटेन्शिओमीटरच्या (पॉट, म्हणजे फिरवून रोध बदलणारा भाग) ग्राउंडला जोडू नका. एक अँपियरने त्या तारेत जेवढे मिलिव्होल्ट पडतात तेवढं रीडिंग हलतं, आणि पीडब्ल्यूएम असेल तर ते थरथरतं. सिम्युलेटरमधला एलेव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) आपोआप थरथरतो आणि माणूस योक उघडून बसतो. पट्टीची परतीची तार थेट अडॅप्टरपर्यंत वेगळी न्या, दोन्ही ग्राउंड तिथे एकाच बिंदूला भेटू द्या. योकच्या पॉटच्या मधल्या पायाला आणि ग्राउंडला १०० नॅनोफॅरड लावा.

तांब्याची_तार
+१. नॅनोऐवजी मेगा घेतलीत तर मोबिफ्लाइट या सिम्युलेटर आणि बोर्ड जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने सिम्युलेटरमधलाच नॉब वाचता येतो. त्या नॉबचं मूल्य (लाइट पोटेन्शिओमीटर) टक्क्यांत येतं, २.५५ ने गुणा आणि पीडब्ल्यूएम पिनला द्या.

रात्र_उड्डाण
सगळ्यांचे आभार. पट्टी ३५२८ वॉर्म व्हाइट, १७ मिमी पोकळी, वेगळी परतीची तार आणि फ्यूज, हे ठरलं. मॉनिटर काल उतरवून पाहिला, फरक मोठा आहे. लाल नको.

पीडब्ल्यूएम मात्र घेत नाही, तयारही नाही आणि नॅनोवालाही नाही. वेबकॅम आणि योक दोन्हींना सरळ डीसी सोयीची. एलएम२५९६ ची तीन बक (व्होल्टेज उतरवणारी) मॉड्यूल घेतोय, ७० ला एक, आणि वरचा पितळी स्क्रूचा पॉट काढून पॅनलवर साधा नॉब.

तांब्याची_तार
मला हे अजून पटत नाही. व्होल्टेज उतरवलं की सगळ्यात मंद टोकाला एका गटाचे एलईडी आधी विझतात, दुसऱ्याचे नंतर. नावांच्या पट्ट्यांवर ते दिसेल.

करणारच असाल तर तो १० के चा पॉट तसाच पॅनलवर आणू नका. मॉड्यूलवर फीडबॅकला (आउटपुट मोजून सावरणाऱ्या पायाला) खाली ३३० ओहम असतो, मीटरने खात्री करा. आउटपुट म्हणजे १.२३ गुणिले (१ अधिक आर भागिले ३३०), आर म्हणजे पॉटच्या जागचा एकूण रोध. पट्टी साधारण ७ व्होल्टच्या पुढे जागी होते, म्हणजे १० के ची जेमतेम आठवा-दहावा हिस्सा फिरकी कामाची, बाकी नॉब मोकळा फिरतो. १.५ के चा पक्का रेझिस्टर आणि त्याच्या रेषेत १ के चा लिनिअर पॉट घाला. ६.८ ते १०.५ व्होल्ट मिळतील आणि पूर्ण नॉब वापरला जाईल. १२ व्होल्ट आत दिल्यावर हे मॉड्यूल तसंही साडेदहाच्या फार वर जात नाही. पॉटच्या तारा १० सेंटीमीटरच्या आत ठेवा, फीडबॅकची तार लांबली की ती गोंगाट पकडते.

अँपियर_मोजणारा
आणि पॉटची तार तुटली तर आउटपुट पूर्ण चढतं. इथे आत १२ च आहेत, पट्टीही १२ ची, त्यामुळे काही जळणार नाही. पुढे कधी १९ व्होल्टचा लॅपटॉप अडॅप्टर लावायचा मोह झाला तर हे आठवा.

रात्र_उड्डाण
१.५ के आणि १ के टिपून घेतले. मॉड्यूल, पॉट, पट्टी, फ्यूज धरून साडेसातशे होतात. मंद टोकाला गट विझताना दिसले तर फक्त नावांच्या पट्टीला नॅनो लावेन, तेवढे पैसे उरतात.

पेठेतला_सोल्डर
दीडशेचा डिमर होता की हो.