घरी ऐकायला छोटा हेडफोन ॲम्प: रत्नागिरीतल्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-३०४ : नमस्कार मंडळी. रात्री घरात कोणाची झोपमोड न करता नाट्यसंगीत आणि जुन्या मैफलींची रेकॉर्डिंग्ज ऐकायची आहेत. हेडफोन बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, २५० ओहमवाला. फोन ॲंड्रॉइड, त्याला हेडफोनची पिन लावायची सोय नाही. लाइट गेली तरी चालेल असा छोटा ॲम्प (हेडफोनला ताकद देणारं यंत्र) हवा. जाहिरातीत कोणी २०० मिलिवॅट लिहितं, कोणी ४ व्होल्ट. यातलं बघायचं काय?

बी-१०१ : ताई, ॲम्पची जाहिरात बाजूला ठेवा आणि आधी हेडफोनचे आकडे घ्या. तुमच्या हेडफोनला १ मिलिवॅट दिला की ९६ डेसिबल आवाज येतो. मैफलीत तबल्याची थाप किंवा तार सप्तकातली तान क्षणभर उसळते, त्या शिखरासाठी ११० डेसिबलपर्यंत जागा हवी. म्हणजे १४ डेसिबल जास्त. मिलिवॅट दहापट केले की १० डेसिबल वाढतात, दुप्पट केले की ३. या हिशोबाने साधारण २५ मिलिवॅट लागतात.

आता व्होल्ट काढू. वॅट गुणिले ओहम (हेडफोनचा विजेला होणारा रोध), आणि त्याचं वर्गमूळ. ०.०२५ × २५० = ६.२५, वर्गमूळ २.५. तुम्हाला अडीच व्होल्ट देणारा ॲम्प हवा. २ व्होल्टवरही १०८ डेसिबल मिळतात, फरक फक्त २ डेसिबलचा. १ व्होल्टवर १०२.

बी-१०१ : जाहिरातीतले २०० मिलिवॅट जवळजवळ नेहमी ३२ ओहमवर मोजलेले असतात. ३२ ओहमवर २०० मिलिवॅट म्हणजे अडीच व्होल्ट. तोच ॲम्प २५० ओहमला लावला की तेच अडीच व्होल्ट, पण मिलिवॅट उरतात २५. म्हणजे २०० लिहिलेला ॲम्प तुमच्या हेडफोनला नेमका पुरेसा, त्यात उधळपट्टी काही नाही. मिलिवॅटच्या आकड्याशेजारी ओहम लिहिले नसतील तर त्या आकड्याला किंमत देऊ नका.

ए-३०४ : मग ४ व्होल्टवाला घेतला तर बिनघोर ना काका?

सी-२०३ : ताई, थांबा. छोट्या ॲम्पवरचे ४ व्होल्ट बहुतेक वेळा बॅलन्स्ड आउटपुटचे असतात, म्हणजे ४.४ किंवा २.५ मिलिमीटरच्या पिनेचे. साध्या ३.५ च्या पिनेवर तोच ॲम्प २ व्होल्ट देतो. मूनड्रॉप डॉन प्रो आणि क्युडेलिक्स ५के दोन्ही याच जातीचे, साध्या पिनेवर २ आणि बॅलन्स्डवर ४.

तुमच्या डीटी ९९० प्रोची वायर एकाच कपातून निघते, ती सुटत नाही, आणि आत डाव्या-उजव्या बाजूची परतीची तार एकच आहे. बॅलन्स्डला प्रत्येक बाजूची परतीची तार वेगळी लागते. हेडफोन उघडून वायर बदलल्याशिवाय ते ४ व्होल्ट तुमच्या उपयोगाचे नाहीत. खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, ३.५ पुढे काय लिहिलंय ते वाचा.

सी-२०३ : आणि हे सगळ्यांसाठी. बाजारात असेही अडॅप्टर मिळतात की साध्या तीन-पट्टी पिनेचा हेडफोन बॅलन्स्ड भोकात बसतो. तसं करू नका. दोन्ही बाजूंच्या उणे तारा एकमेकींना चिकटतात आणि ॲम्पचं आउटपुट जळू शकतं. उलटं चालतं: बॅलन्स्ड वायरीचा हेडफोन अडॅप्टर लावून साध्या ३.५ मध्ये घातला तर काही बिघडत नाही.

ए-१०२ : मध्येच विचारते. आमच्या मुलाकडे हायफायमॅनचा एचई४००एसई आहे, २५ ओहमचा. ओहम इतके कमी, म्हणजे फोनच्या यूएसबी भोकात लावायचा छोटा साधा डोंगल पुरेल ना?

बी-१०१ : वहिनी, ओहम कमी म्हणजे हेडफोन चालवायला सोपा असं नाही. त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ मिलिवॅटवर येणारा आवाज, ९१ डेसिबल आहे. ११० ला जायला १९ डेसिबल लागतात, म्हणजे सुमारे ८० मिलिवॅट. व्होल्ट काढलेत तर १.४ च येतात, ते कोणीही देईल. पण करंट लागतो ५६ मिलिअँपिअर. डीटी ९९० ला अडीच व्होल्टवरसुद्धा १० मिलिअँपिअर पुरतात. म्हणजे एकाला दाब हवा, दुसऱ्याला प्रवाह.

स्वस्त डोंगल इथे दमतो. मधला आवाज ठीक येतो, पण पखवाजाचा किंवा डग्ग्याचा खर्ज आला की आवाज चिरकतो, कारण शिखरावर करंट पुरत नाही आणि लाट वरून कापली जाते. त्याच्यासाठी ३२ ओहमवर किमान १५० ते २०० मिलिवॅट लिहिलेलंच यंत्र बघा. १६ ओहमवरचा आकडाही दिलेला असेल तर तो ३२ च्या आकड्यापेक्षा बराच खाली येत नाही ना, तेही पाहा. खूप खाली येत असेल तर ॲम्पचा करंट तोकडा आहे.

डी-१०४ : कानात घालायच्या छोट्या इअरफोनांना काय बघायचं? माझे १६ ओहमचे आहेत.

बी-१०१ : तुम्हाला ताकद नको, शांतता हवी. ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स (ॲम्पचा स्वतःचा रोध) हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा. १६ चा आठवा भाग २ ओहम, म्हणून १ ओहमच्या आतला ॲम्प घ्या. जास्त असला तर एकाच इअरफोनमध्ये दोन-तीन ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) असलेल्यांचा सूरच बदलतो, कुठे खर्ज फुगतो, कुठे वरचा आवाज दबतो. ताईंच्या २५० ओहमला याची चिंता नाही.

दुसरी परीक्षा: काही न वाजवता इअरफोन कानात घाला. सूऽऽ असा आवाज येत असेल तर गेन (ॲम्प आवाज किती पटीने वाढवतो ते) लो करा. लोवरही येत असेल तर परत करा, तो जात नाही.

सी-२०३ : ताई, ॲपलचा यूएसबी-सी डोंगल कोणी सुचवेल, आणि तो आहेही स्वच्छ आवाजाचा, १ व्होल्टचा. पण बऱ्याच ॲंड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज पूर्ण उघडत नाही, कारण फोन डोंगलच्या आतला व्हॉल्यूम वरपर्यंत नेतच नाही. युरोपात विकला जाणारा तर अर्ध्याच व्होल्टचा. यूएसबी-सी भोकाच्या आयफोनवाल्यांनी ३२ ओहमच्या हेडफोनसाठी जरूर घ्यावा. तुमच्या २५० ओहमला अँड्रॉइडवर तो कमी पडेल.

आणि ओप्पो-वनप्लसच्या फोनांत ओटीजी (फोनला बाहेरचं यंत्र जोडायची सोय) सेटिंगमधून चालू करावं लागतं. १० मिनिटं काही वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. डोंगल बिघडला असं समजून लोक परत पाठवतात. आधी ते बघा.

ए-३०४ : लाइट गेल्यावरचं सांगा ना कोणीतरी. जून-जुलैमध्ये तासन्‌तास येत नाही.

सी-२०३ : तिथेच डोंगल मागे पडतो. त्याला स्वतःची बॅटरी नसते, तो फोनची खातो, आणि चार्जिंगचं भोकही अडवतो. वादळी रात्री फोनची बॅटरी राखून ठेवावी लागते. म्हणून तुमच्यासाठी बॅटरीवाला, ब्लूटूथ आणि यूएसबी दोन्ही असलेला घ्या. क्युडेलिक्स ५के मध्ये ५०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी आहे. ब्लूटूथवर फोनचा खर्च थोडाच होतो आणि फोन खुशाल पॉवर बँकेला लावता येतो.

ब्लूटूथ म्हणजे कमी दर्जाचा आवाज हा समज सोडा. एलडॅक (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची एक पद्धत) ९९० किलोबिटवर अडखळत असेल तर ६६० वर आणा. भिंत किंवा माणूस मध्ये आला की ९९० बऱ्याचदा तुटतो. जुन्या मैफलींच्या रेकॉर्डिंगला एएसी ही साधी पद्धतसुद्धा पुरते, कारण तिथली मर्यादा मूळ टेपची आहे.

बी-३०२ : विजेचं मी सांगतो, कारण हा प्रश्न ॲम्पपेक्षा आपल्या जमिनीचा जास्त आहे. जांभ्यात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. लॅपटॉप चार्जरवर असताना त्याला ॲम्प जोडला की दोन गोष्टी होतात. धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या आल्यासारखं लागतं, आणि हेडफोनमध्ये बारीक गुणगुण येते. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंगची पिनच नसते, त्यातून थोडासा करंट गळतोच आणि तो तुमच्या हातातून वाट काढतो; तीन पिनांच्या चार्जरलाही अर्थिंग नीट मिळालं नाही तर तेच होतं. ॲम्प बदलून हे जात नाही.

उपाय सोपा. ऐकताना चार्जर काढा. काढल्यावर गुणगुण गेली तर दोष चार्जिंगच्या वाटेत आहे, ॲम्पमध्ये नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात मे महिन्यात पाणी घालायचं आपण कमिटीला सांगू. इन्व्हर्टर साध्या चौकोनी लाटेचा असेल तर त्याच्यावर चार्जर लावूनही हीच खरखर येते. विजा चमकत असताना तर चार्जरला लावलेल्या कुठल्याही यंत्राचा हेडफोन डोक्यावर नको. बॅटरीवर ऐका, वायर भिंतीपासून सुटी.

ए-१०२ : खड्ड्यात पाण्याबरोबर मीठही घालायचं का?

बी-३०२ : मीठ घातलं तर रोध उतरतो पण लोखंडी पाइप लवकर खातो. आपल्याकडे हवाच खारी, त्यात भर नको. पाणी आणि कोळसा पुरे.

डी-१०४ : ताई, अजून एक. डीटी ९९० मागून उघडा आहे. जुलैत गॅलरीच्या पत्र्यावर पाऊस कोसळतो तेव्हा तो आवाज थेट आत येतो, आणि माणूस नकळत आवाज वाढवतो. तीच गोष्ट पंख्याची. उघड्या हेडफोनचा आवाज बाहेरही जातो, शेजारी झोपलेल्याला ऐकू येतो. तुमचा मुख्य हेतू झोपमोड टाळायचा असेल तर बंद कपांचा डीटी ७७० प्रो जास्त योग्य. तो ३२, ८० आणि २५० ओहम तिन्हीत मिळतो. ८० चा घेतलात तर १ व्होल्टवर १०७ डेसिबल मिळतात, म्हणजे साधा डोंगलही चालेल.

ए-३०४ : हेडफोन आता बदलत नाही. पण नाट्यसंगीतात ऑर्गन आणि टाळ कानात टोचतात, तेवढं कमी होईल का?

बी-१०१ : होईल, आणि हीच खरी गंमत आहे. डीटी ९९० चा वरचा सूर ८ किलोहर्ट्झच्या आसपास उठलेला आहे. क्युडेलिक्सच्या ॲपमध्ये पॅरामेट्रिक इक्वलायझर आहे, म्हणजे हवा तेवढाच सूर कमी-जास्त करता येतो. ८ किलोहर्ट्झ, उणे ५ डेसिबल, क्यू (पट्टा किती अरुंद ते) २ असा एक फिल्टर टाका. कान सरावला की उणे ४ किंवा ६ करून बघा. एकाच गाण्यावर ठरवू नका. स्त्री आवाज, पुरुष आवाज आणि नुसती सनई, तिन्ही लावून बघा.

खर्ज वाढवलात तर मात्र जितके डेसिबल वाढवाल तितका प्रीॲम्प (ॲपमधली एकूण आवाजाची पातळी) खाली करा, नाहीतर शिखरं कापली जातात. नुसतं कमी करताना त्याची गरज नाही. फोनचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि ॲम्पवरून कमी-जास्त करा.

बी-१०१ : ज्यांच्याकडे फिरकीचं बटण असलेला जुना ॲम्प आहे त्यांच्यासाठी: बटण सुरुवातीलाच असताना एका कानात आवाज जास्त येत असेल तर तो कानाचा दोष नाही. आतले दोन रोधक तिथे सारखे चालत नाहीत. गेन लो करा, किंवा फोनचा आवाज १० डेसिबल खाली आणा, म्हणजे बटण दहा वाजण्याच्या जागेपलीकडे जाईल.

डी-१०४ : आवाज किती ठेवावा? डॉक्टर नेहमी ओरडतात.

बी-१०१ : जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ अर्धा: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. मैफलीच्या रेकॉर्डिंगची सरासरी शिखरापेक्षा २० ते २५ डेसिबल खाली असते. ताईंना २ व्होल्टवर शिखर १०८ मिळतं, म्हणजे सरासरी ८३ ते ८८. बटण पूर्ण उघडायची गरज क्वचितच पडेल.

ए-१०२ : आणि दमट हवेत हे टिकतं का? आमच्याकडे जुन्या हेडफोनच्या कातड्याचे पापुद्रे निघाले.

डी-१०४ : पावसाळ्यात झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. केशरी दाण्यांची पिशवी घ्या, ओल ओढली की हिरवी होते. दाणे ताटलीत काढून ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर सुकवले की पुन्हा केशरी. तांदळात ठेवू नका, पीठ भोकात जातं. मखमली कानगाद्यांना बुरशी धरते, त्या काढून उन्हात द्या. नकली कातडं हवेतल्या ओलीनेच सुटतं, ते थांबत नाही, गाद्या बदलायच्या.

पिन हिरवट-काळी पडली किंवा एका कानातून आवाज जाऊन-येऊन असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापडावर पिन पुसा, सुकू द्या, मग आत घालून चार-पाच वेळा फिरवा. गंजाचा साधा स्प्रे मारू नका, तेल राहतं आणि धूळ धरते. बॅटरीवालं यंत्र महिनाभर वापरणार नसाल तर अर्धं चार्ज करून ठेवा. भरलेलं आणि गरम कपाटात ठेवलं की बॅटरी फुगते.

ए-३०४ : सगळ्यांचे मनापासून आभार. बॅटरीवालाच, साध्या पिनेवर २ व्होल्टचा घेते. हेडफोनला स्क्रूचं ६.३५ चं अडॅप्टर आहे, ते तसंच ठेवू ना?

सी-२०३ : नाही ताई, ते फिरवून काढा, आत ३.५ ची पिन आहे. छोट्या ॲम्पला मोठं अडॅप्टर लटकवलं की त्याच्या वजनाने भोकाचे सोल्डर सुटतात. तुमची वायर गुंडाळीची आहे, ती ताणली की छोटा ॲम्प टेबलावरून खाली ओढते. हेडफोनची पिन आणि ॲम्प यांच्यामध्ये एक फूटभर लांबीची मऊ एक्स्टेंशन घाला आणि ॲम्प टेबलाला वेल्क्रोने बांधा. पार्सल आलं की पहिल्या दिवशी दोन्ही कान, यूएसबी, ब्लूटूथ, चार्जिंग आणि लो-हाय गेन असं सगळं तपासून घ्या. परत पाठवायची मुदत इथे कुरियरच्या दिवसांतच निम्मी जाते.