यंगर ड्रायसची थंडी खरोखर धूमकेतूमुळे आली का?

प्रश्न
हिमयुग ओसरत असताना, सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, उत्तर गोलार्ध पुन्हा गारठला आणि ही थंडी जवळजवळ बाराशे वर्षे टिकली. या काळाला यंगर ड्रायस म्हणतात. उत्तर अमेरिकेवर धूमकेतू फुटल्याने ही थंडी आली आणि मॅमथही नामशेष झाले, असे रिचर्ड फायरस्टोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडले. विवरच सापडलेले नसताना हे कशाच्या आधारावर मानायचे?

प्रतिसाद १
विवर नाही, एवढ्यावरून हे मत मोडीत काढता येणार नाही. १९०८ साली सायबेरियातील तुंगुस्काच्या आकाशातल्या स्फोटाने सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरवरची झाडे आडवी झाली, तरी तिथे निर्विवाद विवर मिळालेले नाही. शिवाय ग्रीनलंडच्या बर्फात याच सुमाराच्या थरांत प्लॅटिनम, जे अवकाशातून आलेल्या वस्तूंतून येऊ शकते, एकाएकी वाढल्याचे २०१३ साली आढळले. अ‍ॅरिझोनातील मरे स्प्रिंग्ज येथे तर गाळाचा एक काळा पट्टा उघडा पडलेला दिसतो; त्याच्या लगेच खाली मॅमथची हाडे आणि क्लोव्हिस या उत्तर अमेरिकेतील प्राचीन शिकारी लोकांची दगडी हत्यारे आहेत, वर मात्र दोन्हींचा मागमूस नाही.

प्रतिसाद २
तो काळा पट्टा म्हणजे धूमकेतूच्या स्फोटाने पेटलेल्या वणव्याची राख, असे या मताच्या समर्थकांप्रमाणे धरून चालणे मला चुकीचे वाटते. पाणथळ जागी सेंद्रिय गाळ साचूनही असे थर बनतात आणि ते इतर काळांतही सापडतात. डायनोसॉरांच्या अंताला कारण ठरलेल्या आघाताचा माग ज्या इरिडियम धातूने दिला, ते ग्रीनलंडच्या त्या प्लॅटिनमसोबत तितके वाढलेलेच नाही. ग्रीनलंडमधल्याच ३१ किलोमीटर रुंदीच्या हियावाथा विवराकडे २०१८ नंतर मोठ्या आशेने पाहिले गेले, पण २०२२ साली त्याचे वय सुमारे ५.८ कोटी वर्षे निघाले. वितळत्या हिमस्तरांचे गोडे पाणी समुद्रात शिरून अटलांटिकमधला उष्ण पाणी उत्तरेला नेणारा प्रवाह मंदावला, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते, कारण हिमयुगात हवामानाने असे झटके त्याआधीही अनेकदा खाल्ले आहेत.

प्रतिसाद ३
आपल्या लोणारचे विवरही एकेकाळी ज्वालामुखीचे समजले जात होते. तिथल्या बसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची आघाताच्या दाबाने झालेली काच, म्हणजे मास्केलिनाइट, हाती आली आणि शंका फिटली. यंगर ड्रायसच्या बाबतीत मुळात थरांची वयेच जुळत नाहीत: डेव्हिड मेल्ट्झर व सहकाऱ्यांनी २०१४ साली आघाताच्या खुणा मिळाल्याचा दावा असलेल्या २९ ठिकाणांची कालनिश्चिती तपासली, तेव्हा त्यांपैकी तीनच ठिकाणचे थर या थंडीच्या आरंभाशी जुळले.