अनुभव धागा : अंगणात पेव्हर बसले, बागेचं काय झालं?

चतुर्थीआधी घर रंगवायला काढलं की हल्ली अंगणही 'पक्कं' करून घेतात. बागेच्या गप्पा निघाल्या की कुळागरवाले (सुपारी-माडाची बागायत असलेले) नाहीतर मोठं परस असलेलेच बोलतात. बाकीचे "आमच्या काय, कुंड्या" म्हणत मागे सरतात. मला हे सलतं. म्हणून भाडेकरू, फ्लॅटवाले, अंगण झाकून घेतलेले, सगळ्यांनी लिहा. झाकलं म्हणून कुणाला बोल लावू नका, कारणं असतात.

फोंडा
आमचं कारण सासूबाई. पावसात अंगणाला शेवाळ धरलं, तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि खुबा मोडला. पुढच्या उन्हाळ्यात पेव्हर घातले. आता काठी टेकत का होईना, एकट्या वृंदावनापर्यंत जातात. पण पूर्वी तिथल्या तिथे जिरणारं पाणी आता थेट रस्त्यावर धावतं. बांयचं (विहिरीचं) पाणीही मे महिन्यात लवकर तळ गाठतं. शेजारी बोअर मारलीय, तेव्हा सगळा दोष पेव्हरला देणार नाही. जीव हळहळतो तो टाकळ्यासाठी. पहिल्या पावसात पायरीपाशी आपसूक उगवायचा, फणसाच्या आठळ्या घालून भाजी व्हायची. आता बाजारातून आणते.

वास्को
तिसरा मजला. बाल्कनीत अबोली आणि कढीपत्ता. एवढंच, पण लिहावंसं वाटलं.

पर्वरी
आम्ही मूळचे बेळगावकडचे, इथे खोली भाड्याची. मालकांना विचारून कुंपणाकडेचे पेव्हर उचलले. खाली रेती, खडी, त्याखाली बांधकामाचा राडारोडा. तो काढून माती-शेणखत भरलं आणि तांबडी भाजी पेरली. मुंग्या बी ओढून नेतात म्हणून कडेने तांदळाचं पीठ टाकलं होतं. महिन्याभरात जुड्या निघाल्या, मालकीणबाईंनाही दिल्या. एकदा बागप्रेमींच्या बैठकीत मला विचारलं, "जागा किती?" उत्तर ऐकलं आणि विचारणारे दुसऱ्याशी बोलू लागले. त्यानंतर गेलो नाही.

धागाकर्ती
पर्वरीकर, राडारोड्यातून भाजी काढणाऱ्याला जागा विचारणं चूकच. माती कशी तयार केलीत ते सविस्तर लिहा. इथे अनेकांना तेच हवंय.

सत्तरी
माझं कुळागर आहे. सुपारी, मिरी, केळी. माटोळीला (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) तोरंजन, आंबाडे घरचेच. पण पाट आजोबांनी खणलेला, मला सगळं आयतं मिळालं. सिमेंटखालची जमीन मी कधी जिवंत केलेली नाही, ते पर्वरीकरांकडूनच शिकायचं. तांबडी भाजी आणि सात शिरांच्या भेंड्यांचं बी मी धरून ठेवतो. मागा, कुंडीवाल्यांना आधी देईन.

डिचोली
गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तो जिरायला वाट हवी. पेव्हर काँक्रीटवर न बसवता खडी-रेतीवर बसवा, सांधे सिमेंटने बुजवू देऊ नका. गवंडी सवयीने उतार रस्त्याकडे काढतात, तो झाडांकडे काढून घ्या. माडाभोवती, आंब्याभोवती मोकळं आळं ठेवा.

फोंडा
सांध्यांत शेवाळ धरणार नाही?

डिचोली
धरतं, आणि पेव्हरवरही धरतं. पावसाच्या उघडिपीत खराट्याने घासावंच लागतं. सासूबाईंची वृंदावनापर्यंतची वाट तेवढी खडबडीत चिऱ्यांची करा, एका बाजूला कठडा द्या आणि पायरीलगत दोन फूट माती उघडी सोडा. टाकळ्याचं बी टणक असतं, मातीत टिकून राहतं. पहिल्या पावसानंतर बघा.