आमवात असताना स्तन लहान करण्याचं ऑपरेशन कुणी केलंय का?

मैत्रिणींनो, लिहू की नको करत बरेच महिने गेले. आज लिहितेच.

वय 41, रत्नागिरीजवळ गावात राहते. 2016 पासून आमवात आहे, रुमेटॉइड. दर रविवारी मेथोट्रेक्सेट, रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, आणि 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, ते अजून सुटलेलं नाही. गेलं वर्षभर सांधे बरेच शांत आहेत, म्हणूनच हा विचार धीटपणे करतेय.

छाती पहिल्यापासून जड, बाळंतपणानंतर आणखी. विळीवर बसून नारळ खवायला पुढे वाकले की मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत कळ जाते. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर करंगळी बसेल एवढे चर पडलेत. त्यात आपल्याकडची हवा. एप्रिलपासून पाऊस संपेपर्यंत स्तनांखालची कातडी सुकतच नाही. आधी लाल होते, मग चरचरते, मग वास येतो. जुन्या सुती साडीचा तुकडा घडी करून आत ठेवते, दुपारी तो पिळावा लागतो. मलमाने बरं होतं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. स्टेरॉइड चालू असलं की असे संसर्ग लवकर हटत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

सकाळी बोटं आखडलेली असतात. हूक पुढून लावून ब्रा फिरवते. तेही जमलं नाही तर मुलगी लावून देते. बारा वर्षांची आहे. एसटीची वेळ झालेली असते, तरी कधी कुरकुरली नाही. मला मात्र त्या वेळी फार वाईट वाटतं.

पहिल्या सर्जनांनी तपासायच्या आधीच सांगितलं, "वजन उतरवा, मग या." गुडघे सुजलेले असताना किती चालणार? दुसऱ्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. दोन ते चार तास, पूर्ण भूल. स्तनाग्राभोवती, तिथून खाली आणि घडीत आडवी, अशी उलट्या टी अक्षरासारखी चीर. काढलेला भाग तपासणीला जातो. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, कायमचीही. दूध पाजण्यावर परिणाम होऊ शकतो, पण माझा तो प्रश्न आता नाही. भीती एकच, जखम भरण्याची. चिरा जिथे मिळतात तिथे ती उघडू शकते, आणि स्टेरॉइडने भरणं लांबतं.

कोल्हापूरच्या संधिवाताच्या डॉक्टरांचं म्हणणं, ऑपरेशनच्या वेळी मेथोट्रेक्सेट बहुधा चालूच ठेवतात, प्रेडनिसोलोन मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं नाही. आमवातासाठी बायोलॉजिक नावाची, प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांना त्यांच्या आणि ऑपरेशनच्या तारखा जुळवाव्या लागतात, मला ती नाहीत. आणखी एक गोष्ट मला ठाऊकच नव्हती, तुम्हीही लक्षात ठेवा. आमवात मानेच्या वरच्या मणक्यांतही जातो. भूल देताना नळी घालायला मान मागे करतात, म्हणून आधी मान वाकवून एक्स-रे काढून घ्यायचा आणि भूलतज्ज्ञांना आजाराचं स्पष्ट सांगायचं.

पण मानदुखी वजनाची किती आणि आमवाताची किती, हे कुणी ठामपणे सांगत नाही. ऑपरेशन करून मान तशीच राहिली तर? हेच मला रात्री झोपू देत नाही. ज्यांना दोन्ही त्रास होते त्यांनी खरं खरं सांगा, किती फरक पडला?

विम्याचंही विचारायचंय. सौंदर्यासाठीचं ऑपरेशन पॉलिसीत बसत नाही, पण वैद्यकीय गरज असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं तर बसू शकतं, असं वाचलंय. कुणाचा क्लेम मंजूर झाला असेल तर कोणते कागद दिलेत? खांद्यांचे, पुरळाचे फोटो लागले का?

सासूबाईंना पटलेलं नाही. नवरा म्हणतो, "तू ठरव, मी रजा टाकतो." दिवाळीनंतर करावं असं मनात आहे. गणपतीत घर माणसांनी भरलेलं असतं, आणि थंडीत घामही कमी.

अजून एक, अगदी साधं. मनगटांवर भार घेता येत नाही, म्हणून मी अंथरुणातून कोपर टेकून उठते. टाके असताना छातीला ताण न देता तुम्ही कशा उठत होतात? पहिले पंधरा दिवस केस कुणी विंचरले?