गटप्रकल्पात जवळच्या मित्राला किती गुण द्यावेत?

प्रश्न : एमबीए (एचआर), तिसरे सत्र, पुणे

आम्हा चौघांच्या गटाकडे परफॉर्मन्स अप्रेझल, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कामगिरीचे मूल्यमापन, या विषयावरील प्रकल्प आहे. त्यातील 10 गुण गटातील सदस्यांनी एकमेकांना गुप्तपणे द्यायचे आहेत. चौघांपैकी एक माझा जवळचा मित्र आहे. मी विज्ञान शाखेतून आले असल्यामुळे मागच्या सत्रात कामगार कायद्यांपुढे माझी पुरती दाणादाण उडाली होती. तेव्हा मेसमधून परतल्यावर रात्री उशिरापर्यंत बसून त्याने मला एकेक कलम उदाहरणांसह समजावले. तो संध्याकाळी भोसरीत एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे पगारपत्रकांचे काम करून स्वतःची फी भरतो. या प्रकल्पाच्या बैठकांना मात्र तो क्वचितच आला, मुलाखती आणि अहवाल आम्हा तिघांनाच करावे लागले. इतर दोघे त्याला 3 पेक्षा जास्त गुण द्यायला तयार नाहीत. मी काय करावे?

उत्तर 1 : कारखान्यात एचआर विभागात कार्यरत, चाकण

ताई, त्याने मागच्या सत्रात केलेली मदत मोलाची आहे, पण ती या प्रकल्पातील कामगिरी नव्हे. माणसाच्या एका चांगल्या बाजूच्या प्रभावाखाली त्याचे सगळेच मूल्यमापन वर सरकते, त्याला आपल्या अभ्यासात हेलो इफेक्ट म्हणतात. प्रत्यक्ष नोकरीत हा प्रसंग दरवर्षी येतो आणि समोर बहुधा सोबत डबा खाणारा सहकारीच असतो. गुण त्याने केलेल्या कामापुरतेच द्या. मात्र ते देण्याआधी त्याच्याशी स्पष्ट बोला. निकालाच्या दिवशी त्याला अंदाजाने कळणे अधिक जिव्हारी लागेल.

उत्तर 2 : पेरोल सल्लागार, पिंपरी

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. तुमच्या बैठका महिन्याच्या कोणत्या तारखांना झाल्या, हे आधी पाहा. कॉन्ट्रॅक्टरकडे हजेरीपट जुळवून 7 तारखेपर्यंत पगार करायचे असतात आणि लगोलग 15 तारखेपर्यंत पीएफ (भविष्य निर्वाह निधी) व ईएसआयचा (कामगार राज्य विमा) भरणा करायचा असतो. या पंधरवड्यात पेरोल सांभाळणाऱ्याला मान वर करायला फुरसत मिळत नाही, आणि काम सोडले तर फीचे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे आहेच.

शिवाय कंत्राटी कामगारांच्या हजेरीचे आणि ओव्हरटाइमचे हिशोब रोज हाताळणारा तुमच्या गटात तोच एकटा दिसतो. कायम कर्मचाऱ्यांचे वार्षिक मूल्यमापन होते, तर त्याच यंत्रावर शेजारी उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराचे उत्पन्न बहुतेक ठिकाणी हजेरीवर आणि ओव्हरटाइमवरच ठरते. ही बाजू अहवालात नसेल तर तो भाग, कोणत्याही कामगाराचे वा कॉन्ट्रॅक्टरचे नाव न घेता, त्याला लिहू द्या. मग त्याला मिळणारे गुण त्याने कमावलेले असतील.

उत्तर 3 : माजी विद्यार्थिनी, एमबीए (एचआर)

इतर दोघांनी आकडा आधीच ठरवला, हे मला अधिक खटकते. जॅक वेल्च प्रमुख असताना जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत कर्मचाऱ्यांची कामगिरीनुसार वरचे 20, मधले 70 आणि तळचे 10 टक्के अशी विभागणी होत असे आणि तळच्या 10 टक्क्यांवर नोकरी जाण्याची टांगती तलवार असे. मायक्रोसॉफ्टनेही अशी सक्तीची क्रमवारी, म्हणजे काहींना तळाशी टाकावेच लागणारी पद्धत, दीर्घकाळ वापरून 2013 मध्ये बंद केली. अशा पद्धतीत सहकारी एकमेकांना मदत करण्याऐवजी एकमेकांवर मात करू पाहतात, ही तिच्यावरील मुख्य टीका होती. अवघ्या चौघांत तर कोणाला तरी तळाशी ढकलण्याचे काहीच कारण नाही. म्हणून चौघांनी एकत्र बसून मुलाखती, विश्लेषण, लेखन आणि सादरीकरण असे निकष ठरवावेत, आणि प्रत्येकाने आपण काय केले ते सर्वांसमोर सांगितल्यानंतरच गुण लिहावेत. त्या बैठकीला तुमचा मित्र हजर असलाच पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या बहुतेक बैठका खरोखरच महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात झाल्या होत्या आणि हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. त्याच्याशी मी आज बोलले. कंत्राटी कामगारांवरील भाग लिहायला तो तयार आहे, परंतु 16 तारखेनंतरच. त्यामुळे अहवाल सादर करण्याची मुदत आठवडाभर वाढवून मिळेल का, हे सरांना विचारणार आहे. निकष ठरवण्याच्या बैठकीला इतर दोघांनीही होकार दिला आहे.