मदत हवी आहे : बाबांचा पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे सीओटूचा दाब) ५८, तरी पीएच (रक्त किती आम्ल ते) नॉर्मल. आणि ऑक्सिजन वाढवल्यावर त्रास का झाला?

नमस्कार. आम्ही नागपूरला महालात राहतो. बाबा ७१ वर्षांचे, सीओपीडीचे (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) जुने पेशंट. बिडी सुटली, पण फार उशिरा. गेल्या आठवड्यात धंतोलीच्या डॉक्टरांनी एबीजी करायला सांगितली (मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्यातले वायू तपासतात ती). पीएच ७.३६, पीसीओटू ५८, बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा घटक) ३२. कागदावर नॉर्मल छापलंय पीसीओटूचं ३५ ते ४५ आणि बायकार्बोनेटचं २२ ते २६. डॉक्टर म्हणाले, "जुनं आहे, किडनीनं सांभाळून घेतलंय. ऑक्सिजन एक लिटरच ठेवा, सॅच्युरेशन ८८ ते ९२ पुरे." ओपीडीत गर्दी होती, पुढचं विचारायचं राहून गेलं.

परवा रात्री आईला ऑक्सिमीटरवर ८९ दिसलं. तिनं घाबरून मशीन तीनवर केलं. सकाळी ९७! आम्हाला बरं वाटलं, पण बाबा उठेचनात. उठवल्यावर डोकं जड आहे म्हणाले, चहाचा कप धरताना हात थरथरत होते. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी मशीन पुन्हा एकवर आणायला सांगितलं आणि लगेच बोलावून घेतलं. आता बरे आहेत. आई मात्र स्वतःला दोष देत बसली आहे, तिला नीट समजावता यावं म्हणून हा धागा.

वाचून मला कळलं ते असं. गोटी सोड्यात सीओटू गॅस नुसता विरघळलेला असतो, रक्तात तसा फार थोडा असतो, सातेक टक्के. वीसेक टक्के हिमोग्लोबिनला चिकटून जातो. उरलेला, साधारण ७० टक्के, लाल पेशीत पाण्याशी मिळून बायकार्बोनेट होतो. तिथलं कार्बोनिक अॅनहायड्रेज हे एन्झाइम ते काम क्षणात करतं. बायकार्बोनेट पेशीबाहेर जातं, बदल्यात क्लोराइड आत येतं, आणि फुप्फुसात हे सगळं उलटं होतं.

माझे प्रश्न दोन. मामा म्हणतात बायकार्बोनेट वाढलंय, ते कमी करायचं औषध मागा. मागायचं का? आणि ऑक्सिजन दिल्यानं सीओटू कसा वाढतो? सगळीकडे लिहिलंय की श्वास घ्यायची प्रेरणाच कमी होते. पण बाबांचा श्वास चालू होता, मी मोजला, मिनिटाला २० होता.

प्रतिसाद :
ताई, मी आयसीयूत काम करतो. आधी मामांचं. ते ३२ म्हणजे आजार नव्हे, बाबांची ढाल आहे. सीओटू साचला की रक्त आम्लाकडे झुकतं, मग किडनी तीन ते पाच दिवसांत बायकार्बोनेट राखून तोल सावरते. म्हणून पीएच ७.३६. स्वतःहून काही मागू नका.

दुसरं. प्रेरणा कमी होणं हा त्यातला एक भाग, पण तेवढंच नाही. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसून रक्त चांगल्या भागाकडे वळवतात. जास्त ऑक्सिजन मिळाला की त्या सैल पडतात. रक्त पुन्हा बिघडलेल्या भागात जातं आणि सीओटू न टाकताच परत येतं. शिवाय ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन सीओटू सोडून देतं. याला हॅल्डेन परिणाम म्हणतात, १९१४ सालापासून माहीत आहे. निरोगी माणूस तो सुटलेला सीओटू श्वास वाढवून बाहेर टाकतो. तुमच्या बाबांना तेवढा श्वास वाढवता येत नाही. म्हणून श्वास २० असूनही सीओटू चढू शकतो.

एक गोष्ट आईंना जरूर सांगा. ऑक्सिमीटर सीओटू दाखवत नाही. ९७ दिसत असताना तो वाढत असू शकतो. गुंगी, सकाळचं डोकं दुखणं, हात थरथरणं दिसलं तर वाट बघू नका, दवाखाना गाठा. आणि भीतीपोटी मशीन एकदम बंदही करू नका.

धागाकर्ती :
मनापासून आभार. रक्तवाहिन्यांचं आईला आमच्या गल्लीच्या नळावरून सांगितलं, एक कॉक उघडला की दुसरीकडची धार बारीक होते तसं. तिला लगेच पटलं. मशीनवर तिनं स्वतःच चिठ्ठी चिकटवली आहे : "एक. ८८ ते ९२." सोमवारी पुन्हा एबीजी आहे. रात्रीसाठी बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) लागेल का, हे या वेळी आधीच कागदावर लिहून नेते. आणखी काय विचारायला हवं ते कुणी सुचवलं तर तेही लिहून घेईन.