चर्चा: इंड एएस स्वीकारताना उद्यमबागेतल्या फौंड्रीने जमिनीचे मूल्य वाढवून घ्यावे का?

धागाकर्ता (लेखाविभाग, उद्यमबाग, बेळगाव)

आमच्या फौंड्रीचे बहुसंख्य शेअर गेल्या आर्थिक वर्षात एका मोठ्या कंपनीने घेतले. त्या कंपनीचे निव्वळ मूल्य 250 कोटींच्या वर असल्यामुळे तिला इंड एएस, म्हणजे नवी भारतीय लेखामानके, लागू आहेत आणि तिची उपकंपनी झाल्यामुळे आता ती आम्हालाही लागू झाली. पहिला ताळेबंद 2025-26 चा, तुलनेसाठी 2024-25 चे आकडे, म्हणजे संक्रमणाची तारीख 1 एप्रिल 2024. त्या दिवसाचा आरंभीचा ताळेबंद नव्याने मांडायचा आहे.

वाद जमिनीवरून पेटला आहे. काही दशकांपूर्वी घेतलेला आमचा प्लॉट वहीत आजही मूळ किमतीला, म्हणजे एखाद्या चांगल्या लेथला मिळणाऱ्या रकमेपेक्षा कमी किमतीला उभा आहे. संचालकांना तो बाजारभावाने दाखवायचा आहे. माझे मत असे की, इंड एएस 101 (ही मानके पहिल्यांदा स्वीकारतानाचे मानक) मधील सवलत घेऊन सर्व स्थावर मालमत्ता आणि यंत्रे जुन्या वहीतल्या किमतीलाच पुढे न्यावीत आणि वेळ व डोके विक्रीच्या नोंदीकडे लावावे. आपली मते कळवावीत.

एक कारखानदार, उद्यमबाग

माझा आपल्याला स्पष्ट विरोध आहे. ज्या ताळेबंदात कंपनीची सर्वांत मोलाची वस्तू नगण्य रकमेत दिसते, तो ताळेबंद प्रामाणिक कसा म्हणायचा? शिवाय ही संधी एकदाच मिळते. संक्रमणाच्या दिवशीचे वाजवी मूल्य 'मानलेली मूळ किंमत' म्हणून घेतले की पुढे दरवर्षी मूल्यांकन करत बसावे लागत नाही. उलट नंतर पुनर्मूल्यांकनाची पद्धत स्वीकारली, तर त्या वर्गातील सर्वच मालमत्तेचे मूल्यांकन पुन्हा पुन्हा करून घ्यावे लागते. आपण लेखापाल मंडळी सोपी वाट धरता आणि तिला तत्त्व म्हणता, असे मला वाटते. राग नसावा.

टिळकवाडीचा एक सीए

कारखानदार साहेबांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच खरी अडचण आहे. वाजवी मूल्याची मुभा वस्तुनिहाय आहे, हे खरे. पण जुन्या वहीतली किंमत पुढे नेण्याची सवलत घेतली, तर ती सर्व स्थावर मालमत्ता आणि यंत्रांना एकत्रच घ्यावी लागते. जमीन बाजारभावाने आणि भट्टी, वाळूचा प्लांट, कॉम्प्रेसर जुन्या किमतीने, अशी निवड चालत नाही. जमीन वेगळी काढलीत की उरलेल्या प्रत्येक यंत्राला एक तर वाजवी मूल्य लावा, नाही तर खरेदीच्या दिवसापासून इंड एएस 16 (स्थावर मालमत्ता आणि यंत्रांचे मानक) प्रमाणे हिशेब पुन्हा करा. इंडक्शन भट्टीचे अस्तर कोणकोणत्या वर्षी बदलले आणि त्याचा घसारा कसा धरला, याची बिले काढायला निघालात की पहिल्याच कपाटात वाळवी भेटते, हा माझा अनुभव.

आणखी दोन गोष्टी. वाढलेली रक्कम राखीव नफ्यात दिसली, तरी कंपनी कायद्याच्या कलम 123 प्रमाणे न वसूल झालेला नफा लाभांशाला वापरता येत नाही, आणि तिच्यावर डिफर्ड टॅक्सचा, म्हणजे पुढे येऊ शकणाऱ्या कराचा, विचार करावाच लागतो. तसेच वाजवी मूल्य म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयातला सरकारी दर नव्हे. बाजारात जाणता खरेदीदार काय देईल, ते दाखवावे लागते.

एक निवृत्त बँक अधिकारी, खानापूर

कर्ज मंजूर करणाऱ्याच्या खुर्चीतून सांगतो. जमीन फुगवलेला ताळेबंद पाहून आम्ही कधी हुरळलो नाही. कागदी वाढ निव्वळ मूल्यातून वजा करूनच पुढचे गुणोत्तर मोजत असू. मला चिंता वाटते ती भाड्याच्या शेडची.

समजा, बेळगावजवळच्या मच्छेत फेटलिंगसाठी (ओतलेले नग साफ करण्यासाठी) शेड 5 वर्षांच्या कराराने महिना 1 लाख रुपये भाड्याने घेतली आहे. 10 टक्के व्याजदराने इंड एएस 116 (भाडेकरारांचे मानक) प्रमाणे सुमारे 47 लाखांची मालमत्ता आणि तेवढेच देणे पहिल्याच दिवशी ताळेबंदात येते. पहिल्या वर्षी घसारा साधारण 9.4 लाख आणि व्याज साधारण 4.4 लाख, म्हणजे 12 लाख भाड्याऐवजी 13.8 लाखांचा खर्च दिसतो. पाच वर्षांची बेरीज तीच 60 लाख राहते, पण कर्जाचे प्रमाण आजच बिघडते. बँकेच्या मंजुरीपत्रातील अटी जुन्या पद्धतीवर बेतलेल्या असतील, तर वर्षअखेरची वाट न पाहता आधीच जाऊन बोला.

मच्छेतील एक लघुउद्योजक

हे सारे वाचून एवढेच कळले की, लोखंड तेच, गिऱ्हाईक तेच, कामगार तेच. फक्त कागद वाढला. आम्हा लहान खासगी कंपन्यांना स्वेच्छेने यात शिरण्याचा सल्ला हल्ली काही सल्लागार देतात, त्यांना दुरूनच नमस्कार.

टिळकवाडीचा एक सीए

या बाबतीत आपल्याशी पूर्ण सहमत आहे. एकदा इंड एएस स्वीकारली की परत जुन्या मानकांकडे येता येत नाही. ज्यांना सक्ती नाही, त्यांनी त्या जुन्या, 2021 च्या नियमांखालच्या मानकांतच सुखाने राहावे.

धागाकर्ता

कारखानदार साहेबांचा पुन्हापुन्हाच्या मूल्यांकनाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे मान्य. तरीही यंत्रांची बिले आमच्याकडे अपुरी असल्याने मी संचालक मंडळाला जुन्याच किमतींची शिफारस करणार आहे.

कागद वाढला, हे मात्र पूर्ण खरे नाही. आमच्या कास्टिंगची विक्री आजवर गेट पास फाटला की वहीत धरली जात असे. पुण्याच्या ग्राहकाशी करार असा आहे की, त्याच्या आवारात माल उतरून पोच मिळेपर्यंत जोखीम आमचीच. इंड एएस 115 (विक्रीच्या उत्पन्नाचे मानक) विक्री धरते ती मालाचा ताबा ग्राहकाकडे गेल्यावर. 1 एप्रिल 2024 पूर्वी जुन्या पद्धतीने पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा न मांडण्याची सवलत आम्ही घेतली. 31 मार्च 2025 च्या व्यवहारांना ती सवलत नाही. त्या संध्याकाळी तीन ट्रक सुटले होते. गेटच्या नोंदवहीप्रमाणे शेवटचा रात्री सव्वाआठला निघाला, म्हणजे बारा वाजता तो फार तर तवंदी घाट उतरून कोल्हापूरच्या पलीकडे असणार. तिन्ही ट्रकांची विक्री आम्ही मार्चमध्ये धरली होती. ती आता 2025-26 मध्ये जाईल. तिन्ही पोचपावत्यांवर आवक 1 एप्रिलची आहे आणि त्यांपैकी एकीवर चार नग नाकारल्याचा शेराही आहे. तो डेबिट नोटीतून (ग्राहकाने रक्कम कापल्याच्या चिठ्ठीतून) आम्हाला जूनमध्ये कळला. तेव्हा नाकारल्या जाणाऱ्या मालाचा अंदाज विक्रीच्या दिवशीच कसा बांधायचा, यासाठी गेल्या तीन वर्षांच्या डेबिट नोटा महिनावार काढायला मी बसलो आहे.